तारणाची तारीख

पत्र थोडक्यात असं: वाचक भगिनी ३६ वर्षांच्या, माहेर वसईचं, कॅथलिक. लग्नानंतर ठाण्यात राहतात. थोरला भाऊ तीन वर्षांपूर्वी एका फेलोशिपमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चबाहेरच्या ख्रिस्ती प्रार्थनामंडळात, जाऊ लागला, त्याची दारू सुटली आणि गेल्या वर्षी त्यानं तलावात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आता घरी आला की आईला एकच विचारतो, "तुझं तारण झालंय का? कधी झालं? तारीख सांग." आई ६८ वर्षांची. सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि संध्याकाळची रोझरी (माळेवरची प्रार्थना) कधी चुकवली नाही. हल्ली तिला रात्री झोप लागत नाही. "इतकी वर्षं केलं ते फुकट गेलं का गं?" असं ती मुलीला विचारते. मुलीलाही स्वतःचे प्रश्न आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाचं तरी रक्त सांडलं म्हणून माझं कर्ज फिटलं, हे मनाला पटत नाही. देव एवढा हिशेबी कसा? नवरा हिंदू आहे, भाऊ म्हणतो तो नरकात जाणार. आईच्या समाधानासाठी तिलाही तलावावर पाठवून मोकळं व्हावं का? शेवटी ता. क.: "आमचं लग्न सात वर्षांपूर्वी कोर्टात झालं. तेव्हापासून मी कम्युनियन (मिस्सातला पवित्र भाकरीचा संस्कार) घेतलेलं नाही. मुलगी चार वर्षांची आहे, तिचा बाप्तिस्मा राहिलाय."

ताई,

आईला तलावावर पाठवू नका. का, ते पुढे येईलच. पण उत्तराची सुरुवात मी तुम्हाला न पटलेल्या हिशेबापासून करतो. भावाची तारीख, आईची भीती आणि तुमचा ता. क., तिन्हींची गाठ तिथेच आहे.

आपल्या भाषेत ‘तारण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उद्धार, दुसरा बँकेच्या पाटीवर असतो: सोनेतारण कर्ज. तुमच्या पत्रातलं तारण मला त्या पाटीच्या जवळचं वाटलं. देव सावकार, आपण कर्जदार, येशूनं रक्कम भरली, पावती भावाकडे आहे आणि आईकडे नाही. असं चित्र असेल तर कुणालाही झोप लागणार नाही. पण नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) हे चित्र असं नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. ‘खंडणी’ म्हटलं की आज आपल्याला पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आठवतं, त्याला इलाज नाही. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा युद्धकैदी सोडवताना मोजलेल्या मोलाचा आहे. साहजिकच पुढे लोकांनी विचारलं, मोल दिलं कुणाला? तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडितानं सुचवलं की सैतानाला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या बिशप ग्रेगरीनं ते धुडकावलं: चोराला कसली किंमत द्यायची? आणि पित्यानं तरी ती कुठं मागितली होती? १०९८ च्या सुमारास धर्मपंडित अँसेल्मनं क्रूस म्हणजे देवाच्या मानहानीची भरपाई अशी मांडणी केली. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती मनात हिशेबाची भाषा घट्ट बसली ती बरीचशी तेव्हापासून. अँसेल्म काही उथळ माणूस नव्हता, त्याच्या मांडणीत खोली आहे. पण प्रवचनांतून झिरपत ती आपल्यापर्यंत येते तेव्हा तिची वसुलीची नोटीस झालेली असते.

रूपकाला किती ताणायचं हे बायबलच सांगतं. निर्गमच्या सहाव्या अध्यायात देव इस्राएलाला म्हणतो, मी बाहू उगारून तुम्हाला सोडवीन. शब्द सोडवण्याचाच, आणि त्यांना गुलाम ठेवणाऱ्या फारोला (मिसरच्या राजाला) एक पैसा मिळाला नाही. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात दुसरं चित्र आहे: गरिबीपायी भावानं जमीन विकली तर जवळच्या नातलगानं पुढे होऊन ती सोडवावी. रूथच्या गोष्टीतला बवाज हाच नातलग. सोडवणारा त्रयस्थ नाही, तो घरचा आहे. म्हणून देवाच्या पुत्राला आधी आपल्यासारखा माणूस व्हावं लागलं. नातं नसलेल्याला सोडवायचा हक्कच नव्हता.

रक्ताचंही तसंच. लेवीय १७:११ सांगतं की प्राण्याचा जीव रक्तात असतो. त्या लोकांसाठी रक्त अर्पण करणं म्हणजे जीव देणं. क्रूसावर कुणा रागावलेल्या देवाची तहान भागवली गेली नाही. बापाशी पूर्ण एकरूप असलेल्या पुत्रानं माणूस म्हणून जे आपल्याला कधी जमलं नाही ते केलं: जीव जाईपर्यंत प्रेम केलं आणि आज्ञा मोडली नाही.

आता खरा मुद्दा. रोमकरांस पत्र, पाचवा अध्याय, दहावी ओवी. (ओवी म्हटलं तर भाऊ हसेल, त्याच्या बोलीत ‘वचन’.) प्रेषित पौल लिहितो: आपण शत्रू असताना पुत्राच्या मरणानं देवाशी आपला समेट झाला, तर समेट झाल्यावर त्याच्या जीवनानं आपण कितीतरी अधिक तारले जाऊ. मरणानं समेट, जीवनानं तारण. भावाला पहिला अर्धा भाग तोंडपाठ असेल. दुसरा अर्धा कॅथलिक घरांतही क्वचितच कुणी समजावून सांगतं.

शेताचं उदाहरण घ्या. सावकाराकडं गहाण पडलेलं शेत काकानं सोडवून दिलं, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. ही सोडवणूक. ती पूर्ण झाली, तुमच्या कष्टानं झालेली नाही आणि पुन्हा करावी लागत नाही. पण काकानं शेत सोडवलं ते कागद फ्रेम करून भिंतीवर लावायला नव्हे, पिकावं म्हणून. पौल गलतीकरांना (४:४-७) एका दमात दोन्ही सांगतो: नियमशास्त्राखालच्यांना सोडवावं म्हणून देवानं पुत्र पाठवला, आणि ते कशासाठी, तर आपल्याला पुत्रपण मिळावं म्हणून, त्या पुत्राचा आत्मा आपल्या हृदयात ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:४) तर आपण दैवी स्वभावाचे वाटेकरी व्हावं इथपर्यंत मजल जाते. इतकं धाडसी वाक्य बायबलात दुसरं सापडणं कठीण. चौथ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या अथनासियसनं त्याचा अर्थ सांगितला तोही तसाच बेधडक: आपण देवपणाला पोचावं म्हणून देव माणूस झाला.

इथे एक सावधगिरी. मराठी कानाला ‘मुक्ती’ म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका ऐकू येते आणि ‘दैवी जीवन’ म्हटलं की सायुज्यता, थेंब सागरात मिसळून जाणं. ख्रिस्ती श्रद्धा तसं म्हणत नाही. जुने धर्मपिते भट्टीतल्या लोखंडाचा दाखला देत: विस्तवात ठेवलेलं लोखंड विस्तवासारखं लाल होतं, जाळतं, उजळतं, पण लोखंडच राहतं. आणि देहातून सुटका ही आपली आशा नाही. देहाचं पुनरुत्थान ही आहे.

आईला हे पत्रं उघडून समजावू नका. रविवारी तिच्या शेजारी बसा आणि अर्पणाच्या वेळी वेदीकडे बघायला सांगा. सेवक दोन छोट्या कुप्या आणतो, एकीत द्राक्षारस, दुसरीत पाणी. फादर प्याल्यात द्राक्षारस ओततात आणि मग पाण्याचे एक-दोन थेंबच घालतात. त्याच वेळी ते पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणतात. ते बाकांपर्यंत पोचत नाही, कारण ती प्रार्थना हलक्या आवाजातच म्हणायची असते. तिचा आशय असा: जो आमच्या मानवी स्वभावात सहभागी व्हायला नम्र झाला, त्या ख्रिस्ताच्या दैवी स्वभावात या पाण्याच्या आणि द्राक्षारसाच्या रहस्यानं आम्हीही सहभागी होवोत. कार्थेजच्या बिशप सिप्रियननं तिसऱ्या शतकातच लिहून ठेवलंय की पाणी म्हणजे लोक आणि द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त. एकदा मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. आईनं हे हजारो वेळा पाहिलंय. तो थेंब ती आहे, एवढंच तिला सांगा.

आता तारीख. पौलाला कुणी तारीख विचारली असती तर त्यानं कोणती सांगितली असती, कोण जाणे. इफिसकरांस (२:८) तो लिहितो, तुमचं तारण झालेलं आहे. करिंथकरांस (पहिलं पत्र, १:१८) लिहितो, ज्यांचं तारण होत आहे असे आपण. रोमकरांस (५:९) लिहितो, आपण तारले जाऊ. झालं, होतंय, होईल. तिन्ही काळ एकाच माणसाच्या लेखणीतून उतरलेत आणि तिन्ही खरे आहेत. एकच पकडला की घोटाळा. फक्त ‘झालं’ धरलं तर पुढं कसंही वागलं तरी चालतं, हा उद्दामपणा येतो. फक्त ‘होईल’ धरलं तर तुमच्या आईची झोप उडते. चर्चच्या शिकवणुकीत दोन्ही चुका एकाच खात्यात येतात, आशेविरुद्धच्या पापांच्या: एक फाजील खात्री, दुसरी हताशा. पवित्र आत्म्याबद्दल पौल इफिसकरांना (१:१४) जे म्हणतो, तिथं मराठी बायबलात आपल्याकडचा चपखल शब्द आहे: विसार. घर घेताना विसार दिला की व्यवहार पक्का झाला. चावी हातात यायची आहे. विसार दिलेल्या माणसानं घर मिळणार की नाही म्हणून रात्र जागून काढायची नसते. पण चावी मिळाल्यासारखं वागायचंही नसतं.

तरीही भावाला तारीख हवीच असेल तर ती आहे. पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) बाप्तिस्मा-नोंदवहीत आहे. कॅथलिक समजुतीप्रमाणे दैवी जीवनाचा आरंभ तिथे होतो: योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूनं भेटायला आलेल्या निकदेमाला सांगितलेला पाण्यानं आणि आत्म्यानं झालेला जन्म. त्या प्रसंगातला ग्रीक शब्द ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ देतो. निकदेमानं ‘पुन्हा’ ऐकलं आणि म्हातारा माणूस आईच्या पोटात कसा शिरेल म्हणून तो गोंधळला. तुमच्या घरातला वाद थोडाफार त्याच गोंधळाचा नातेवाईक आहे.

म्हणून दुसरा बाप्तिस्मा नाही. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) आणि याजकदीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर पुसता न येणारा ठसा उमटवतात, ते एकदाच. बुडवून की ओतून, हा वाद तर कॅथलिकांपुरता फार जुन्या काळीच मिटलेला आहे. ‘डिडाखे’ नावाची आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा त्यानंतर थोड्याच काळानं लिहिलेली. तिच्या सातव्या भागात सूचना आहे: वाहतं पाणी असेल तर त्यात, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट चालेल, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीन वेळा पाणी ओता, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. आईचा बाप्तिस्मा या शब्दांनी झालेला आहे, एवढं पुरे. बाप्तिस्मा झाला की नाही किंवा शब्द बरोबर उच्चारले गेले की नाही याबद्दल खरीखुरी शंका असली आणि चौकशी करूनही ती फिटली नाही, तरच सशर्त बाप्तिस्मा देतात. इथं तसं काही दिसत नाही. गंमत म्हणजे पाण्याच्या थेंबाबद्दल इतकं सुंदर लिहिणारे सिप्रियनच या बाबतीत चुकले. पाखंडी पंथात बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुन्हा द्यावा, असा त्यांचा हट्ट होता. रोमच्या बिशपनं, पोप स्टीफननं, तो नाकारला आणि चर्चनं पुढे रोमचंच ऐकलं. संत माणूसही पुनर्बाप्तिस्म्याच्या बाजूनं वाद घालू शकतो. भावाबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा.

आणि भावाकडे फक्त चूकच आहे असं धरून चालू नका. त्याची दारू सुटली आहे. ज्या घरानं ती पाहिली आहे त्याला याची किंमत सांगायला नको. तो जे विचारतोय त्याच्या तळाशी एक बरोबर प्रश्न आहे: लहानपणी आईबापांनी तुझ्या वतीनं म्हटलेलं ‘हो’ तू स्वतः कधी म्हटलंस का? आपल्या पॅरिशांत हा प्रश्न क्वचित विचारला जातो. बी पेरली, वर्षानुवर्षं पाणी घातलं नाही, आणि मग दुसरा कुणी पाणी घालू लागला की त्यानंच पेरलं असं वाटतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं झाला. नंतर त्यांनीच लिहिलं की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त तो मिळालेला नव्हता. केडगावच्या त्यांच्या कामाचं नाव ‘मुक्ती’ आहे, आणि रमाबाईंना शब्द निवडताना कुणी घाई केली असेल असं वाटत नाही. बाप्तिस्मा आणि ती जाग यांत अंतर असू शकतं. जाग आली की आधीचा जन्म खोटा ठरत नाही.

स्वतः ‘हो’ म्हणायची जागा कॅथलिक उपासनेत आहेच: पाष्काच्या (ईस्टरच्या) रात्री सगळे हातात पेटवलेली मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतात. सैतानाला नाकारतोस का, पित्यावर, पुत्रावर, आत्म्यावर श्रद्धा ठेवतोस का, असे प्रश्न, उत्तरं ‘होय’. बहुतेक लोक पुढच्याच्या मेणबत्तीचं मेण आपल्या हातावर पडतंय का ते बघत ‘होय, होय’ म्हणून मोकळे होतात. आईनं पाष्काची वाट बघायची गरज नाही. तिला घरी बसवा, तेच प्रश्न एकेक करून सावकाश वाचा, प्रत्येकानंतर थांबा. भावालाही बोलवा. तोही तेच ‘होय’ म्हणेल.

आईला काय सांगू नये तेही सांगतो. "काळजी करू नकोस, तुझं शंभर टक्के झालंय" असं म्हणू नका. पुढच्या आठवड्यात भाऊ एक वचन फेकेल आणि शंभराचे पन्नास होतील. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४७ साली स्पष्ट म्हटलं की आपण कृपेत (देवाशी नीट नात्यात) आहोत हे, कधीच न चुकणाऱ्या श्रद्धेच्या खात्रीनं, कुणी स्वतःबद्दल जाणू शकत नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यात सुटका आहे: खात्री आपल्या भावनेवर टांगलेली नाही. १४३१ साली पाखंडाच्या खटल्यात फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कला न्यायाधीशांनी कोंडीत पकडायला विचारलं, तू कृपेत आहेस का? हो म्हटलं तर पाखंड, नाही म्हटलं तर कबुली. ती शेतकऱ्याची पोर म्हणाली, नसेन तर देव मला तिथं नेवो. असेन तर देव मला तिथंच ठेवो. भावानं पुन्हा विचारलं की आईनं हेच म्हणावं. पाठ करायलाही सोपं आहे.

आईला आणखी एक त्रास होऊ शकतो. या वयात भीती बसली की माणसं कुमसाराला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) पुन्हा पुन्हा जातात, तीच माफ झालेली पापं पुन्हा सांगतात आणि बाहेर आल्यावर ‘काही राहिलं तर नाही’ म्हणून परत वळतात. तसं होत असेल तर तीन गोष्टी कराव्यात. फादर एकच ठरवावेत. माफ झालेलं पाप पुन्हा सांगायचं नाही, असा त्यांचा शब्द पाळावा. आणि महिन्यातून एकदाच जावं. गंभीर पापाला तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती. रोझरीत झोप लागली हे त्यात बसत नाही. झोपेचा त्रास दोन-तीन आठवड्यांहून जास्त चालला असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. सगळे निद्रानाश धर्मशास्त्राचे नसतात.

"कॅथलिक लोक कर्मानं तारण मिळवू पाहतात" हा भावाचा आरोप येईलच. त्याच १५४७ च्या ठरावात आहे की नीतिमान ठरण्याआधीचं आपलं काहीही, श्रद्धा असो की कर्म, ती कृपा कमवू शकत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि प्रोटेस्टंटांतल्या लूथरन चर्चच्या महासंघानं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा हा की आपल्या कुठल्याही गुणामुळं नव्हे, केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेनं देव आपल्याला स्वीकारतो आणि तोच आत्मा देऊन सत्कर्मांना बोलावतो. सगळे मतभेद त्यानं संपले नाहीत आणि भावाची फेलोशिप त्यात नसेलही. पण ‘तुम्ही कर्मवाले’ एवढ्यावर वाद जिंकता येणार नाही, हे त्याला दाखवायला पुरेसं आहे. आईची रोझरी हा कमाईचा हप्ता नाही. सोडवलेल्या शेतातलं ते पीक आहे. खुद्द आईच कधीकधी त्याला हप्ता समजते, हेही खरं. "नऊ शुक्रवार पूर्ण केले, आता तरी" असं तिच्या तोंडून निघालं तर हळूच टोका.

भावाशी व्हॉट्सॲपवर वचनं फेकाफेकीचा खेळ खेळू नका. त्यापेक्षा त्याला म्हणा, रोमकरांस पत्राचे पाच ते आठ हे चार अध्याय चार रविवारी एकत्र वाचू, आई ऐकेल, मध्ये कुणी प्रवचन करायचं नाही. नवा करार दोघांचाही तोच, २७ पुस्तकांचा. आणि आईला तारीख विचारणं बंद करायला त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. हे मोठ्या भावाला सांगणं अवघड, पण सांगायला हवं.

नवऱ्याबद्दल थोडक्यात. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या १९६४ च्या दस्तऐवजात (चर्चविषयक संविधान, कलम १६) म्हटलंय की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताचं शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाला कळेल तशी त्याची इच्छा कृपेच्या बळावर पाळायला झटतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. तेही ख्रिस्ताच्याच मरणा-पुनरुत्थानामुळं, देवाला ठाऊक असलेल्या मार्गानं. कुणाला नरकात पाठवायचं याची यादी भावाकडे दिलेली नाही. तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

आता ता. क. सगळ्या पत्रात तुम्ही आईबद्दल विचारता, भावाबद्दल, नवऱ्याबद्दल. स्वतःबद्दल दोन ओळी, त्याही सहीच्या खाली. योहानाच्या सहाव्या आणि पंधराव्या अध्यायांत दैवी जीवन अन्नावर आणि वेलाला जोडलेलं राहण्यावर अवलंबून आहे. सात वर्षं कम्युनियन नाही. तारण पटत नाही असं तुम्ही लिहिता. सात वर्षांच्या उपवासानंतर भूक मरते, ते ‘न पटणं’ काही अंशी हेही असू शकतं.

यावर उपाय आहे आणि तो तुम्ही समजता त्याहून सोपा आहे. कॅथलिक व्यक्तीनं बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी लग्न करायला बिशपांची सूट लागते आणि विवाह चर्चच्या पद्धतीनं किंवा तिच्यापासून सूट घेऊन व्हावा लागतो. तुमच्या बाबतीत हे दोन्ही राहिलं. नवऱ्याचं हे पहिलंच लग्न असेल आणि तुमचंही, तर मार्ग दोन आहेत. पहिला, सूट घेऊन साधेपणानं फादरांसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर संमती पुन्हा व्यक्त करायची. वरात नको, पत्रिका नको. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळीही होतं. दुसरा, चर्चच्या कायद्यातल्या कलम ११६१ प्रमाणे मुळातून वैध करून घेणं: सात वर्षांपूर्वीची संमती दोघांचीही आजपर्यंत टिकून असेल तर बिशप तोच विवाह मागच्या तारखेपासून वैध मानतात, समारंभ नाही, नवऱ्याला चर्चमध्ये उभं राहावं लागत नाही. ‘आपलं लग्न झालंय, पुन्हा कशाला?’ असं म्हणणाऱ्या नवऱ्यांसाठी हा मार्ग फार उपयोगी, पण पुष्कळांना तो माहीतच नसतो. पॅरिशमध्ये पहिला सुचवला आणि नवरा तयार नसला, तर दुसऱ्याबद्दल स्वतःहून विचारा.

दोन्ही मार्गांत तुम्हाला एक वचन द्यावं लागतं: स्वतःची श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून आपल्या परीनं सर्व करीन. नवऱ्यानं काही वचन द्यायचं नसतं. तुम्ही ते दिलंय हे त्याला माहीत असायला हवं. नेमकं इथं बिघडतं. बायका कागदावर सही करतात, घरी सांगत नाहीत, आणि मुलीच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात सासरी स्फोट होतो. आधी नवऱ्याशी बोला, मग फादरांकडे जा. कागदपत्रं सहसा लागतात ती अशी: तुमचा बाप्तिस्म्याचा नवा उतारा (जुना लॅमिनेट केलेला चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात), कोर्टाचं विवाह प्रमाणपत्र, आणि लग्नाआधी दोघंही अविवाहित होतात याची साक्ष.

क्रमही पाळा: आधी विवाहाचा प्रश्न, मग कुमसार, मग कम्युनियन. उलटं गेलात तर कुमसाराच्या खिडकीशीच अडकाल आणि निराश होऊन परताल. नुसतं बोलायला मात्र फादरांकडे आजही जाता येतं. सात वर्षांनंतरचं कुमसार कसं करायचं याची धास्ती घेऊ नका. "सात वर्षांनी आलेय, मदत करा" एवढं म्हटलं की फादर पुढचं विचारतात. आधी अर्धा तास शांत बसून मोठ्या गोष्टी आठवा, किती वेळा झालं ते अंदाजे, कारणमीमांसा नको. त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी उरका, नाहीतर विसरतं.

मुलीचं लग्नाच्या पाठोपाठ घ्या. सात वर्षांखालच्या मुलाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या श्रद्धेवर होतो. सात पूर्ण झाली की चर्च तिला स्वतः समजू शकणारी धरतं, मग आधी तिला शिकवून तयार करावं लागतं आणि वेळ लागतो. तुमच्या हातात तीन वर्षं आहेत, पण तिच्या बाप्तिस्म्यात मेणबत्ती कुणी धरायची यावरून आजी आणि मामा दोघंही एका खोलीत येतील, हेही काही कमी नाही.

बाप्तिस्म्याचा उतारा वसईच्या तुमच्या पॅरिशमधूनच काढावा लागेल. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि साधारण कोणत्या वर्षी बाप्तिस्मा झाला ते लिहून न्या. नोंदीच्या समासात दृढीकरणाची आणि लग्नाची नोंद करतात. तुमच्या समासात लग्नाची जागा अजून रिकामी असेल. जाताना आईला बरोबर घ्या आणि तिचाही उतारा मागा, तारीख तिच्या डोळ्यांनी तिला वाचू द्या. भावाचाही निघत असेल तर काढा. त्याची नोंद त्याच वहीत तुमच्या आधी काही पानांवर असणार, आणि तलावानंतरही ती कुणी खोडलेली नाही. कार्यालय किती वाजता उघडं असतं ते आधी फोन करून विचारा. सणाच्या आठवड्यात उतारे सहसा लगेच मिळत नाहीत.